न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट

सीबीसीचा रिपोर्ट आपण सगळ्यांनीच कधी ना कधी हातात घेतलेला असतो. हिमोग्लोबिन बघायचं, प्लेटलेट्स बघायच्या (डेंग्यूच्या कृपेने त्या आता सगळ्यांनाच कळतात) आणि कागद घडी करून ठेवून द्यायचा. मधे कुठेतरी न्यूट्रोफिल्स आणि लिम्फोसाइट्स असतात, त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पण स्तनाचा कॅन्सर मेंदूत पसरलेल्या बाईकडे किती वेळ उरलाय, याचा अंदाज ह्या दोन आकड्यांच्या भागाकारावरून बांधता येईल का, हे डॉक्टर मंडळी तपासतायत. इतक्या स्वस्त टेस्टमधून एवढं मोठं उत्तर? इंजिनियर माणसाला असल्या आकड्याचा मोह पडतोच. म्हणून तो आला कुठून, ते शोधत बसलो.

सुरुवात जर्मनीत. १८६३ मध्ये बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखोने कॅन्सरच्या गाठीत पांढऱ्या पेशी बघून कॅन्सरचा संबंध जुनाट दाहाशी जोडला. पुढे १८७९-८० च्या सुमारास पंचविशीतल्या पॉल एर्लिखने कापड रंगवायचे अॅनिलिन रंग रक्ताच्या थेंबावर वापरले, आणि एकसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या जाती वेगळ्या झाल्या. न्यूट्रोफिल हे नावसुद्धा त्या रंगावरूनच पडलं. १९५३ मध्ये वॉलेस कूल्टरला पेशी मोजायच्या यंत्राचं पेटंट मिळालं आणि मोजणीचं काम हळूहळू माणसाच्या डोळ्यांकडून यंत्राकडे गेलं.

दुसरा धागा लंडनचा, आणि मला तो जास्त आवडतो. स्टीफन पॅजेट या सर्जनने १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ बायकांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. यकृतात गाठी २४१ जणींच्या, प्लीहेत फक्त १७ जणींच्या! रक्त तर दोन्हीकडे जातं. म्हणजे नुसतं बी वाहून जाऊन भागत नाही, जमीनही लागते. कॉम्प्युटर नसताना केलेलं हे डेटा अॅनालिसिस आहे, साहेब.

फिरखोची कल्पना बरीच वर्षं मागे पडली होती. २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या एका लेखाने तिला पुन्हा पुढे आणलं. त्याच वर्षी स्लोव्हाकियाच्या झाहोरेक नावाच्या डॉक्टरने आयसीयूतल्या रुग्णांसाठी हा भागाकार सुचवला. न्यूट्रोफिल वाढले म्हणजे शरीरात दाह, लिम्फोसाइट घटले म्हणजे लढणारे कमी, असं साधं गणित. कॅन्सरवाल्यांनी ते उचललं. २०१४ मध्ये १०० अभ्यास आणि ४०,५५९ रुग्ण एकत्र करून निष्कर्ष निघाला, की भागाकार मोठा तर आयुष्य कमी.

पण मेंदूपाशी आलं की गोची होते. १९६१ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात गॅलिसिच आणि फ्रेंच यांनी दाखवलं, की डेक्सामेथासोनने मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज उतरते. तेव्हापासून आजतागायत हे औषध वापरात आहे. आणि हेच स्टेरॉइड रक्तातले न्यूट्रोफिल वाढवतं, लिम्फोसाइट घटवतं! म्हणजे जिला सूज जास्त तिला औषध जास्त, म्हणून भागाकार मोठा. मग तो आकडा कॅन्सरबद्दल बोलतोय की प्रिस्क्रिप्शनबद्दल? हे अभ्यास बहुतेक जुन्या फायली उघडून केलेले. माझ्या मते रक्त पहिल्या गोळीच्या आधी काढलं की नंतर, हे लिहिलेलं नसेल तर असा पेपर सरळ बाजूला ठेवावा.

प्रत्यक्षात अंदाजासाठी जी मोजपट्टी वापरतात (जीपीए), तिची स्तनाच्या कॅन्सरसाठीची २०२० ची आवृत्ती बघितली. त्यात वय, कॅन्सरचा उपप्रकार, मेंदूतल्या गाठी किती आणि मेंदूबाहेर आजार पसरलाय का, एवढं आहे. सगळ्यात खालच्या गटात निम्म्या बायका साधारण ६ महिने पार करतात, वरच्या गटात ३६. रक्ताचा भागाकार त्यात नाही. कार्नोफ्स्कीची १९४० च्या दशकातली पट्टी मात्र आहे. तिला ना रंग लागतो ना यंत्र. पेशंट स्वतःची कामं स्वतः करू शकते का, ते बघायचं आणि १०० पैकी आकडा लिहायचा.