शरीराचा आपपरभाव

मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ यांनीं १८९० सालीं निराश्रित कुष्ठरोग्यांसाठीं आश्रयस्थान उघडलें. वडाळ्याचें अ‍ॅक्वर्थ रुग्णालय तें हेंच. (शाळिग्रामांच्या साह्यानें मराठी पोवाडे जमविणारे अ‍ॅक्वर्थही हेच.) कुष्ठरोग्यांत दोन टोंकें आढळतात. एकाच्या अंगावर दोनचार बधिर चट्टे, त्यांत जंतु शोधूनही सांपडत नाहीं. दुसऱ्याची त्वचा गांठींनीं भरलेली आणि तींत जंतूंचा नुसता सुकाळ. जंतु मात्र दोघांचा एकच.

जपानांत मित्सुदा यांनीं १९१९ सालीं मारलेले कुष्ठजंतु रोग्यांच्या त्वचेंत टोंचून पाहिले. पहिल्या प्रकारच्या रोग्यास तीनचार आठवड्यांनीं तेथें गांठ उठे. दुसऱ्याची त्वचा ढिम्म राही. भेद जंतूंत नव्हता, यजमानांत होता.

त्याचें मूळ कळण्यास आणखी चाळीस वर्षें लागलीं. छातीच्या हाडामागें थायमस नांवाची ग्रंथि असते. वयांत आल्यावर ती आक्रसते, म्हणून मराठींत तिला यौवनलोपी म्हणतात. ती निरुपयोगीच समजली जाई. जॅक मिलर यांनीं नवजात उंदरांची ही ग्रंथि काढली, तों ते उंदीर परक्याची त्वचाही निमूटपणें अंगीं वागवूं लागले, हें १९६१ मध्यें प्रसिद्ध झालें. टी-पेशींची शाळा ती हीच. प्रत्येक पेशीस ओळखण्याचें साधन यदृच्छेनें मिळतें. कोणता जंतु पुढें भेटेल, हें तेथें कोणास ठाऊक नसतें. परीक्षा होते ती घरच्या ओळखीची. शरीराच्याच प्रथिनांवर जी जोरानें तुटून पडेल ती पेशी बहुधा तेथेंच नष्ट होते. जिला कांहींच ओळखतां येत नाहीं तीही मरते. शेंकडा नव्वदांहून अधिक अशा गळतात. तरीही कांहीं नाठाळ निसटतात. त्यांना आवरणाऱ्या नियामक पेशी साकागुची यांनीं १९९५ मध्यें दाखविल्या.

गांठींच्या रोग्याच्या टी-पेशी इतर जंतूंशीं झुंजतात. याच एका जंतूपुढें त्या स्वस्थ बसतात. चट्ट्यांच्या रोग्यांत त्या त्वेषानें धांवतात. परंतु जंतु दडलेला असतो मज्जातंतूंत, आणि झुंजींत घर जळतें तें रोग्याचें.

मुंबईच्या कॅन्सर संशोधन केंद्रांत बापट, कमल रणदिवे व खानोलकर यांनीं १९५८ सालीं गांठींच्या रोग्यापासून एक जंतु वाढविला. त्याचीच पुढें लस झाली. निजलेल्या टी-पेशींस जागें करणें हा तिचा हेतु. दक्षिण भारतांतील चांचणींत, १९९८ च्या अहवालाप्रमाणें, तिनें शेंकडा सुमारें ६५ संरक्षण दिलें.

औषधांनीं जंतु मेल्यावरही त्यांचे अवशेष मज्जातंतूंत राहतात. टी-पेशी एखादे दिवशीं ते ओळखतात, आणि बरा झाला म्हणून घरीं गेलेला रोगी लुळा पडलेला हात घेऊन पुनः दवाखान्यांत येतो.