माउंट वॉशिंग्टन : हिवाळी चढाई आणि माघारीची रेषा

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातील माउंट वॉशिंग्टन हे देशाच्या ईशान्य भागातील सर्वोच्च शिखर होय. त्याची उंची १,९१७ मीटर, म्हणजे कळसूबाईहून अवघी २७१ मीटर अधिक. बोस्टनहून मोटारीने साधारण तीन तासांत त्याच्या पायथ्याशी पोहोचता येते. उन्हाळ्यात १८६१ साली खुल्या झालेल्या रस्त्याने आणि १८६९ पासून धावणाऱ्या दातेरी रुळांच्या रेल्वेने सहकुटुंब माथा गाठणारे अनेक आहेत. उंची बेताची, वाट ओळखीची आणि सह्याद्रीतील गडकिल्ले पायाखाली घातलेले, एवढ्या भांडवलावर हिवाळ्यात या शिखराकडे पाहणे मात्र घातक ठरते. या पर्वतावर आजवर दीडशेहून अधिक माणसांनी प्राण गमावले आहेत.

हवामान इतके उग्र का?

खंडावरून पूर्वेकडे सरकणारी अनेक वादळे या प्रदेशावरून जातात. दक्षिणोत्तर पसरलेली पर्वतरांग पश्चिमेच्या वाऱ्याला आडवी येते. माथा ओलांडताना हवेचा प्रवाह आकुंचन पावतो आणि त्याचा वेग वाढतो. शिखरावर १९३२ पासून कायम वेधशाळा आहे. तेथील निरीक्षकांनी १२ एप्रिल १९३४ रोजी ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा झोत नोंदवला. १९९६ साली ऑस्ट्रेलियातील बॅरो बेटावर, चक्रीवादळाच्या वेळी, स्वयंचलित यंत्राने त्याहून मोठी नोंद केली, तोपर्यंत हा जागतिक उच्चांक होता.

जानेवारीत शिखरावरील सरासरी तापमान उणे १५ अंश सेल्सियसच्या आसपास असते. फेब्रुवारी २०२३ मधील शीतलाटेत ते उणे ४४ अंशांपर्यंत उतरले आणि वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी उणे ७८ अंशांच्या घरात गेली. त्याखेरीज वर्षातील निम्म्याहून अधिक काळ माथा ढगांत बुडालेला असतो. बर्फाच्छादित जमीन आणि ढग एकरूप झाले की वाट दाखवणाऱ्या दगडांच्या राशीही दिसेनाशा होतात.

वृक्षरेषेच्या वर

पूर्वेकडील पिंकहॅम नॉच हे नेहमीचे प्रस्थानस्थान सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. तेथून सुरुवातीची वाट दाट अरण्यातून जाते. झाडी आणि पर्वताचा आडोसा यांमुळे तेथे वारा जाणवत नाही. चढणीने अंग तापते आणि हवा उत्तम असल्याचा समज होतो. सुमारे १,४०० मीटरच्या पुढे झाडे संपतात आणि शिखरापर्यंतची उर्वरित पाचशेहून अधिक मीटरची चढण पूर्णपणे उघड्यावर करावी लागते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, त्यामुळे ताशी शंभर किलोमीटरच्या वाऱ्यात तोल सांभाळणेही कठीण होते. तापमान उणे २० अंश आणि वारा ताशी ८० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला दहा-पंधरा मिनिटांत हिमदंश होऊ शकतो. शरीराचे तापमान घसरू लागले की प्रथम बोटांचे कौशल्य जाते, मग बोलणे अडखळते आणि विचारशक्ती मंदावते. परतण्याचा निर्णय ज्या बुद्धीने घ्यायचा, तिलाच थंडी आधी गाठते. म्हणून तो निर्णय वृक्षरेषेपाशी, भान शाबूत असताना घ्यावा.

मार्ग आणि साहित्य

उन्हाळ्यातील टकरमन रव्हीन ही लोकप्रिय वाट हिवाळ्यात हिमस्खलनाच्या उतारांखालून जाते. पुरेसा बर्फ साचल्यावर गिर्यारोहक लायन हेडची हिवाळी वाट पसंत करतात. ती तुलनेने सुरक्षित असली, तरी तिच्यातील तीव्र चढावर क्रॅम्पॉन व बर्फाची कुऱ्हाड लागते आणि ती वापरण्याचा सराव आधी झालेला असावा लागतो. शहरातील निसरड्या रस्त्यांसाठीची काटेरी साखळी येथे पुरत नाही.

सुती कपडे घामाने भिजतात आणि वाळत नाहीत, म्हणून ते टाळावेत. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर, वारा अडवणारे बाह्यवस्त्र, चेहरा झाकणारा मुखवटा, बर्फाचा गॉगल आणि हातमोज्यांची जादा जोडी आवश्यक आहे. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवावी, कारण पाणी वरून गोठू लागते. थंडीत मोबाइलची बॅटरी झपाट्याने उतरते. त्यामुळे कागदी नकाशा, होकायंत्र आणि डोक्यावरचा दिवा जवळ हवा.

निघण्यापूर्वी आणि परतताना

वेधशाळा उंच शिखरांसाठी स्वतंत्र हवामान अंदाज देते, तर माउंट वॉशिंग्टन हिमस्खलन केंद्र हिवाळ्यात धोक्याची पातळी जाहीर करते. दोन्ही त्याच दिवशी सकाळी पाहावेत. पायथ्याच्या गावाचा अंदाज शिखराला लागू पडत नाही. डिसेंबरअखेर सूर्य सव्वाचारच्या सुमारास मावळतो, म्हणून माघारीची वेळ आधीच ठरवावी आणि ती घरच्यांनाही सांगावी. शिखरावरील इमारत हिवाळ्यात पर्यटकांसाठी बंद असते. तेथे आसरा मिळेल हे गृहीत धरू नये.

शोध व बचावाची जबाबदारी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाकडे आहे आणि अनेक स्वयंसेवक त्यात जीव धोक्यात घालतात. वादळात हेलिकॉप्टर उडू शकत नाही. पथकाला पायी यावे लागते आणि त्यात कित्येक तास जातात. निष्काळजीपणा आढळल्यास बचावकार्याचा खर्च वसूल करण्याची तरतूदही राज्याच्या कायद्यात आहे.

माथा गाठणे म्हणजे निम्माच प्रवास. धुक्यात भलत्याच दरीत उतरण्याचा धोका परतीच्या वाटेवरच अधिक असतो. वृक्षरेषेपाशी वारा अंदाजापेक्षा जोरात असेल, पुढची दगडांची रास दिसत नसेल किंवा सोबत्यांपैकी एकाचीही बोटे बधिर झाली असतील, तर तेथूनच मागे फिरणे योग्य. शिखर पुढच्या आठवड्यातही तेथेच असणार आहे.