दैन्य ही रोगांची जननी
(पाव्हिया विद्यापीठातील एका व्याख्यानाची कथा)

विद्यापीठांच्या समारंभांत होणारी भाषणे बहुधा त्या दिवसाच्या हारतुऱ्यांबरोबरच कोमेजून जातात. वक्ता विद्यार्थ्यांस चार हितोपदेश करतो, आश्रयदात्यांची स्तुती करतो, श्रोते टाळ्या वाजवितात आणि सर्व मंडळी घरोघर परततात. परंतु शेकडो भाषणांत एखादे असे निघते की ज्या सभागृहात ते झाले त्याच्या भिंती ओलांडून ते दूरच्या देशांत आणि पुढच्या शतकांत पोहोचते. उत्तर इटलीतील पाव्हिया नगरीच्या प्राचीन विद्यापीठात ५ मे १७९० रोजी योहान पेटर फ्रांक या वैद्यकाच्या प्राध्यापकाने नूतन पदवीधरांसमोर केलेले लॅटिन भाषण या जातीचे होते. आज जगातील अनेक विद्यापीठे लोकारोग्य आणि आरोग्यविषयक राज्यधोरण यांवर दरवर्षी जाहीर व्याख्याने करवितात. त्या प्रथेचा कुलवृत्तान्त लिहावयाचा झाल्यास पाव्हियाच्या या भाषणास त्यात मानाचे पान द्यावे लागेल. भाषणाचा विषय शीर्षकातच स्पष्ट होता : प्रजेचे दैन्य ही रोगांची जननी होय.

फ्रांकचा जन्म १७४५ साली जर्मनीच्या पॅलॅटिनेट प्रांतातील रोडाल्बेन या लहानशा गावी झाला. वैद्यकाची पदवी घेतानाच त्याच्या मनात एक विचार घोळत होता. वैद्य एकेका रोग्याच्या उशाशी बसून जे करू शकतो ते मर्यादित आहे. रोगांची पुष्कळशी कारणे अशी आहेत की ती दूर करणे एकट्या रोग्याच्या वा एकट्या वैद्याच्या हाती नसून राज्यकर्त्याच्या हाती आहे. या विषयावर त्याने तरुणपणी लिहिलेले पहिले हस्तलिखित प्रकाशकास रुचले नाही, तेव्हा त्याने ते जाळून टाकले. विचार मात्र जळला नाही. पुढे स्पायरच्या धर्माधिपतीच्या पदरी राजवैद्य असताना त्याने सुइणींच्या शिक्षणाची शाळा काढली आणि १७७९ साली आपल्या महाग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. विवाह, गर्भारपण, बालसंगोपन, अन्न, पाणी, घरे, गटारे, अपघात, दफन असे मनुष्याच्या जन्मापूर्वीपासून मरणोत्तर क्रियेपर्यंतचे सर्व विषय त्यात आरोग्याच्या दृष्टीने मांडले आहेत. हे काम त्याला जन्मभर पुरले. शेवटचे खंड १८१७ नंतर, म्हणजे त्याच्या निधनापूर्वी चारच वर्षे आधी निघू लागले.

१७८५ साली तो पाव्हियास आला. लोंबार्डी प्रांत तेव्हा ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याच्या सत्तेखाली होता. पुढल्याच वर्षी त्या प्रांताच्या आरोग्यखात्याचे मुख्याधिकारीपद त्याच्याकडे आले, आणि इस्पितळे, औषधालये, सुइणी, गावोगावचे वैद्य या सर्वांची पाहणी करीत तो प्रांतभर हिंडला. लोंबार्डीची भूमी सुपीक, पाण्याची समृद्धी, भाताची विस्तीर्ण खाचरे, रेशमाचा व्यापार. असे असूनही त्या भूमीवर राबणारा शेतकरी हाडाचा सापळा झालेला! हा विरोध त्याने डोळ्यांनी पाहिला. तेव्हा १७९० सालच्या मे महिन्यात तो पदवीधरांसमोर उभा राहिला तो पुस्तकी विद्वान म्हणून नव्हे, तर साक्षीदार म्हणून. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीस तोंड लागून वर्षही झाले नव्हते, सम्राट दुसरा जोसेफ फेब्रुवारीतच निवर्तला होता, आणि युरोपातील प्रत्येक राजदरबार प्रजेच्या असंतोषाच्या नुसत्या उल्लेखाने दचकत होता. अशा वेळी राजसेवेतील एका अधिकाऱ्याने प्रजेच्या दारिद्र्यावर जाहीर बोलणे हे साधे धाडस नव्हते.

भाषणाची मांडणी मोठी विचारपूर्ण आहे. प्रत्येक वर्गाचे रोग त्याच्या राहणीप्रमाणे वेगळे असतात, असे तो आरंभी सांगतो. पण दारिद्र्यापासून उपजणाऱ्या रोगांच्या संख्येपुढे इतर सर्वांची गणती फिकी पडते, हे त्याचे मुख्य प्रतिपादन. मग तो गरिबाच्या आयुष्याचा पट जन्मापासून उलगडतो. गर्भार स्त्री दिवस भरेपर्यंत शेतात राबते. बाळंत झाल्यावर पुरती सावरण्याआधीच पुन्हा कामास जुंपली जाते. तान्हे मूल दिवसभर आईवाचून राहते. जे मूल यातूनही वाचते त्याच्या कोवळ्या पाठीवर लवकरच ओझे चढते. निकस अन्न, दमट झोपडी, अपुरी झोप आणि अविरत कष्ट यांमुळे ज्या वयात श्रीमंत मनुष्य भर तारुण्यात असतो त्या वयात शेतकरी वृद्ध दिसू लागतो. दास्यात राहणारी प्रजा ही रोगट प्रजाच असावयाची, असा त्याचा निष्कर्ष. आणि मग तो आपल्या विद्यार्थ्यांपुढे तो प्रश्न ठेवतो, ज्याने प्रत्येक प्रामाणिक वैद्याची झोप उडावी : ज्या उपासमारीने रोग आणला त्याच उपासमारीकडे रोगी परत जाणार असेल, तर त्याला बरे करून आपण काय साधले?

या प्रश्नाचे मूर्तिमंत उदाहरण लोंबार्डीत त्या वेळी घरोघर होते. अमेरिकेतून आलेला मका तेथील गरिबांचे जवळजवळ एकमेव अन्न झाला होता. त्याच्या पाठोपाठ एक भयंकर व्याधी पसरली. वसंतात ऊन लागले की हातापायांची व मानेची कातडी करपल्यासारखी होई, मग अतिसार लागे आणि शेवटी बुद्धिभ्रंश. मिलानच्या फ्रापोल्ली नामक वैद्याने १७७१ साली या रोगाचे ‘पेलाग्रा’, म्हणजे खरबरीत कातडी, हे लोकांच्या तोंडचे नाव ग्रंथात नोंदविले. सरकारने लेन्यानो येथे १७८४ साली या रोग्यांसाठी खास इस्पितळही उघडले. चांगले अन्न मिळाले की रोगी सुधारावा, घरी जाऊन पुन्हा मक्यावर राहू लागला की पुढच्या वसंतात रोग पुन्हा उभा राहावा, असा या व्याधीचा स्वभावच आहे. मेक्सिकोचे मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून घेत, त्यामुळे त्यातील जीवनसत्त्व शरीरास मिळे. युरोपने दाणा उचलला, रीत उचलली नाही. हे कारण विसाव्या शतकात उमगले. परंतु दारिद्र्याने मनुष्यास एकाच धान्याशी बांधून टाकले आहे आणि तेथेच रोगाचे मूळ आहे, या दिशेने पाहण्यास फ्रांकची दृष्टी पुरेशी होती.

आपल्या वाचकांस येथे चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. पांचाल देशात, काम्पिल्य नगरीपाशी, गंगातीरी भगवान आत्रेय शिष्यांसह फिरत असता अग्निवेश विचारतो की, माणसांची प्रकृती, आहार, बल, वय ही सर्व भिन्न असताना एकाच काळी एकाच व्याधीने सारा जनपद कसा उद्ध्वस्त होतो? आत्रेय उत्तर देतात की माणसे भिन्न असली तरी वायू, जल, देश आणि काल ही चार त्यांस समान असतात. ती बिघडली की सर्वांवर एकदम संकट येते. आणि ती बिघडतात का? तर देशाचे व नगराचे अग्रणी धर्म सोडून प्रजेशी अधर्माने वागू लागतात, आणि त्यांचे आश्रित व व्यवहारावर उपजीविका करणारे लोक तो अधर्म वाढवितात, म्हणून. फ्रांकच्या डोळ्यांखालून चरक गेला असण्याचा संभव नाही. दोघांतील अंतरही विसरता कामा नये. चरकाचा अधर्म हा व्यापक नैतिक तत्त्व आहे, तर फ्रांक ते तत्त्व भाकरीच्या चतकोरात आणि बाळंतिणीच्या विश्रांतीच्या दिवसांत मोजू पाहतो. तथापि रोगाचा शोध घेत घेत राजद्वारापर्यंत जावे लागते, ही जाणीव दोघांत समान आहे.

फ्रांकच्या विचारातील उणीवही सांगितली पाहिजे. राजा हा पिता, प्रजा ही अजाण लेकरे आणि वैद्य हा राजाचा कारभारी, अशी त्याची कल्पना होती. त्याच्या महाग्रंथाच्या नावातच ‘वैद्यकीय पोलीस’ असा शब्द आहे. त्या काळी त्याचा अर्थ सुव्यवस्थेचा कारभार असा असला तरी त्यातील धोका खोटा नव्हे. प्रजेचा विश्वास न घेता केवळ हुकमाने आरोग्य लादू गेल्यास काय होते, हे १८९७ सालच्या पुण्याने पाहिले. प्लेगच्या निवारणासाठी सोल्जर घरांत शिरले, देवघरांची व माजघरांची अप्रतिष्ठा झाली, आणि २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. रोग खरा होता, उपायांतील काही भागही आवश्यक होता. परंतु ज्यांच्यासाठी उपाय करावयाचा त्यांना माणूस म्हणून विचारलेच नव्हते.

ही उणीव भरून काढणारा विचार पुढील पिढीत आला. १८४८ साली अप्पर सायलेशियात साथीचा ज्वर पसरला, तेव्हा प्रशियाच्या सरकारने रूडोल्फ व्हिर्खो या तरुण वैद्यास चौकशीस पाठविले. त्याने औषधांची यादी दिली नाही. तेथील पोलिश भाषक प्रजेस लोकशाही, शिक्षण, रस्ते आणि स्वतःच्या भाषेत कारभार द्या, असे लिहिले. ज्या प्रजेला सरकारची भाषा कळत नाही तिला सरकारचा आरोग्याचा उपदेश तरी कसा कळावा? सीमाभागातील आपल्या वाचकांस या प्रश्नाचे मर्म विशद करून सांगण्याची आवश्यकता नाही.

पाव्हियाचे लॅटिन भाषण दीडशे वर्षे ग्रंथालयांत पडून होते. हेन्री सिगेरिस्ट या वैद्यकेतिहासाच्या थोर पंडिताने १९४१ साली ते इंग्रजीत आणले. हा गृहस्थ स्विस वंशाचा, अमेरिकेत अध्यापन करणारा, संस्कृताचे अध्ययन केलेला आणि भारतीय वैद्यकाविषयी आस्था बाळगणारा होता. १९४४ साली हिंदुस्थान सरकारच्या आरोग्य समितीने सल्ल्यासाठी ज्या परदेशी तज्ज्ञांस पाचारण केले त्यांत तोही आला. त्या समितीचे अध्यक्ष होते सर जोसेफ भोर. नाशिकात जन्मलेला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेला हा पुरुष एरवी विस्मृतीत गेला असला, तरी १९४६ साली चार खंडांत निघालेला भोर समितीचा अहवाल स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा पाया ठरला. त्या वेळी हिंदुस्थानात सरासरी आयुर्मान सत्तावीस वर्षांच्या आसपास होते, आणि १९३७ सालच्या आकड्यांप्रमाणे दर हजार जन्मलेल्या बालकांतील १६२ वर्षाच्या आत दगावत होती. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये, हे समितीने तत्त्व म्हणून लिहिले. चाळीस हजार वस्तीस एक प्राथमिक आरोग्यकेंद्र, ही आरंभीची योजना तिचीच. बेकारी आणि दारिद्र्य हे अपुऱ्या अन्नाच्या व गलिच्छ घरांच्या द्वारे रोग निर्माण करतात, हेही तिने स्पष्ट शब्दांत मान्य केले. पाव्हियाच्या सभागृहातील स्वर दिल्लीच्या सरकारी कागदांत असा उमटला.

गोव्याचा प्रवाह तोवर वेगळा होता. पणजीस १८४२ साली वैद्यकशाळा स्थापन झाली होती, आणि तेथून निघालेले वैद्य पोर्तुगालच्या आफ्रिकेतील वसाहतींपर्यंत गेले. १९६१ च्या मुक्तीनंतर, १९६३ साली, त्या शाळेच्या जागी गोवा वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, आणि भोर समितीने आखलेली वाट गोमंतकासही मोकळी झाली.

पेलाग्राची कथाही आपल्या दारापर्यंत येते. अमेरिकेच्या दक्षिण प्रांतांत जोसेफ गोल्डबर्गर याने १९१५ च्या सुमारास हा रोग जंतूंचा नसून आहाराचा आहे हे दाखविले. पुढे सिडनस्ट्रिकर नामक अर्थशास्त्रज्ञास बरोबर घेऊन त्याने कापडगिरण्यांच्या गावांत कुटुंबाचे उत्पन्न आणि रोग यांची सांगड घातली. जेथे उत्पन्न कमी, तेथे रोग जास्त. फ्रांकने वक्तृत्वाने सांगितले ते येथे आकड्यांनी सिद्ध झाले. आणि १९६० साली हैदराबादच्या पोषण संशोधनशाळेतील गोपालन व श्रीकांतय्या यांनी दख्खनच्या पठारावरील ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही हाच रोग आढळतो, याची मीमांसा जगापुढे मांडली. ज्वारीतील ल्यूसिन या घटकावर त्यांनी ठेवलेल्या बोटाविषयी शास्त्रज्ञांत पुढे वाद झाले. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. ज्वारीच्या भाकरीबरोबर डाळ, दूध, भाजी असलेल्या घरात हा रोग येत नसे. नुसत्या भाकरीच्या घरात येई. दोष धान्याचा नव्हता, ताटातील रिकाम्या जागेचा होता.

आपल्या समाजात अन्नदानाची परंपरा थोर आहे. देवस्थानांच्या पंगतींत आणि अन्नछत्रांत कित्येक भुकेलेले जीव तृप्त झाले आहेत; धर्मार्थ दवाखान्यांनी कित्येकांचे प्राण वाचविले आहेत. या पुण्यकार्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु पंगत उठल्यावर तो मनुष्य कोणत्या घरी जातो, त्याला मजुरी किती मिळते, त्याच्या विहिरीचे पाणी कसे आहे, त्याच्या बाळंतिणीस किती दिवस विश्रांती मिळते, हे विचारणे दानधर्मात बसत नाही म्हणून ते कोणी विचारूच नये काय? फ्रांकने आपल्या विद्यार्थ्यांस पदवीच्या दिवशी हेच शिकविले की दयेचे काम जेथे संपते तेथे न्यायाचे काम सुरू होते. देवस्थानाच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचला जातो तेव्हा ‘अन्नदान’ या सदराखालची रक्कम ऐकून आपण समाधानाने मान डोलावतो. त्याच सभेत, गावातील किती घरांत वर्षभर पुरेसे अन्न शिजले, हा प्रश्न कोणी उठून विचारील, तर पाव्हियाचे ते व्याख्यान आपल्या मंडपातही पोहोचले असे म्हणता येईल.