सूत्र आणि सूत्रधार

संस्कृत नाटकाच्या आरंभीं रंगभूमीवर येणाऱ्या पुरुषास 'सूत्रधार' कां म्हणावें? सूत्र म्हणजे दोरा. हें नांव मुळांत बाहुल्या नाचविणाऱ्याचें असावें, असें मत पिशेल या जर्मन पंडितानें १९०० सालीं मांडलें. तें सर्वांना पटलें नाहीं. मात्र १२९० सालच्या ज्ञानेश्वरींत दोरीनें हालणाऱ्या बाहुल्यांचा दृष्टांत आहे. आणि दृष्टांत नेहमीं श्रोत्यांच्या पाहण्यांतलाच घेतात. म्हणजे तेराव्या शतकांत हा खेळ लोकांच्या ओळखीचा होता.

पुढें सावंतवाडीच्या मुलखांत, कुडाळजवळील पिंगुळी गांवीं, ठाकर समाजानें तो जतन केला. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. या खेळाचें मर्म दोऱ्यांच्या संख्येंत नाहीं. कोणता सांधा बांधावा व कोणता मोकळा सोडावा, हें ज्ञान मोठें. खांदा उचलला कीं खालचा हात आपल्या भारानें मागोमाग येतो.

आज संगणकावरील खेळांतलीं पात्रें याच न्यायानें हालतात. चित्राच्या आंत हाडांचा अदृश्य सांगाडा असतो. कटीपासून कणा, कण्यापासून खांदा, खांद्यापासून कोपर, अशी त्याची वंशावळ असते. वडील हाड फिरलें कीं त्याचा सारा परिवार फिरतो. एका पात्राचें एवढ्यावर भागतें. खरी अडचण दोन मल्ल एकमेकांस भिडले म्हणजे येते. प्रत्येकाची हालचाल निर्दोष असूनही एकाची पकड क्षणभर आधीं पडली, तर हात हवेंत राहतो किंवा दुसऱ्याच्या छातींत शिरतो. म्हणून दोघांना एकच आरंभक्षण व जागेचा एकच सामाईक बिंदु नेमून द्यावा लागतो.

पिंगुळीच्या खेळांत हा प्रश्न उद्भवत नाहीं. राम एका हातांत, रावण दुसऱ्या. दोन्ही हात एकाच देहाचे आणि कान एकाच तालाकडे. यंत्राला जो मेळ बाहेरून शिकवावा लागतो, तो तेथें माणसाच्या अंगांत मुरलेला असतो.

बाहुल्या संग्रहालयांत ठेवतां येतील. तो मेळ मात्र एका हातानें दुसऱ्या हाताला शिकविल्यावांचून टिकणार नाहीं. म्हणून आपल्या मुलांनीं पडद्यावरचीं पात्रें अवश्य खेळवावींत; पण एकदां पिंगुळीस जाऊन तीं बोटेंही पाहावींत.