लासरूची शस्त्रक्रिया : स्थानिक भूल आणि शामक औषधे

वेदनेचे निवारण आणि भीतीचे निवारण ही शस्त्रवैद्याची दोन भिन्न कार्ये होत. परंतु भुलीच्या इतिहासात ती बहुधा एकच समजली जातात. त्यांतील भेद लासरूच्या शस्त्रक्रियेत विशेष स्पष्ट दिसतो. अश्रू नाकात नेणारी नलिका तुंबली म्हणजे अश्रुपिशवीत पू साचतो आणि डोळा सतत पाझरू लागतो. अशा वेळी नाकाच्या बाजूचे हाड कोरून पिशवीला नाकात नवी वाट करून देतात. या शस्त्रक्रियेत स्थानिक भुलीला शामक औषधाची जोड का द्यावी लागली व त्या जोडीची मर्यादा कोणती, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्रसंधीच्या नऊ रोगांत ‘पूयालस’ गणला असून त्याचे वर्णन लासरूशी पुष्कळसे जुळते. त्याच संहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रकर्मापूर्वी रोग्यास भोजन द्यावे, आणि वेदना न सोसणाऱ्या मद्यपी रोग्यास तीक्ष्ण मद्य पाजावे, असे सांगितले आहे. वेदना आणि भीती या दोहोंवर तेथे एकाच द्रव्याचा उपाय होता.

ही दोन कार्ये वेगळी झाली ती स्थानिक भुलीमुळे. व्हिएन्ना येथील कार्ल कोलर यांनी १८८४ मध्ये कोकेनने डोळा बधिर होतो हे दाखविले. पुढे १९०४ मध्ये फ्लॉरेन्सच्या अदेओ तोती यांनी हाड कोरून अश्रुपिशवी नाकाशी जोडण्याची पद्धत मांडली, आणि १९२१ मध्ये द्यूपुई-द्यूतां व बूर्गे यांनी दोन्हीकडील अंतस्त्वचा टाक्यांनी सांधून ती अधिक भरवशाची केली. १९४३ मध्ये सिद्ध झालेल्या लिग्नोकेनमुळे, व त्यात मिसळलेल्या ॲड्रेनलिनमुळे, वेदना व रक्तस्राव दोन्ही आटोक्यात आले. तथापि छिन्नीचा आघात कवटीत घुमतो. रोग्याला वेदना नसली तरी तो आघात त्याला जाणवतो आणि ऐकूही येतो.

पूमय, दाहयुक्त ऊतकांत आम्लता वाढलेली असल्याने स्थानिक भूल नीट लागत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. म्हणून तीव्र दाह प्रथम प्रतिजैविकांनी शमवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरी येथे स्थापन झालेल्या आणि १९५५ पासून पेनिसिलिनचे उत्पादन करू लागलेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याचा या इतिहासाशी संबंध येतो तो असा, अप्रत्यक्षपणे.

भीतीच्या निवारणासाठी पूर्वी मॉर्फीन व बार्बिट्युरेटे वापरीत. १९६३ मध्ये डायझेपाम बाजारात आले, व पुढे मिडाझोलाम आणि प्रोपोफॉल यांची भर पडली. परंतु येथेच मर्यादा येते. या शस्त्रक्रियेत रक्त नाकातून घशात उतरते. ते श्वासनलिकेत जाऊ न देणारे गिळण्याचे व खोकण्याचे प्रतिक्षेप जागृत राहिले पाहिजेत, आणि शामकाची मात्रा वाढली की तेच मंदावतात. म्हणून रोगी हाकेला ओ देईल इतकेच शामक द्यावयाचे. सुश्रुताने भोजन सांगितले, आज रोग्यास उपाशी ठेवतात, याचे कारणही श्वासनलिकेचे हेच रक्षण होय. ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर चालणारे, रक्तातील प्राणवायू मोजणारे उपकरण आता या कामी साहाय्यक झाले आहे. परंतु वैद्याच्या दक्षतेची जागा ते घेऊ शकत नाही.

या जोडीमुळे अनेक रोग्यांना त्याच दिवशी घरी जाता येते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कामगाराला ही सोय मोलाची आहे, आणि धोकाही त्यातच आहे. शुद्धीवर आलेला मनुष्य स्वतःला पूर्ण सावध समजतो. वस्तुतः शामक दिल्यानंतर चोवीस तास त्याने दुचाकी चालवू नये, यंत्रावर उभे राहू नये. शिवाय मिडाझोलाम त्या वेळची स्मृती पुसून टाकते, त्यामुळे तेव्हा केलेली सूचना रोग्याच्या लक्षात राहीलच असे नाही. ती शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावी, लिहून द्यावी, आणि सोबत आलेल्या नातेवाइकालाही समजावून द्यावी. रात्रपाळीला जाऊ पाहणाऱ्या कामगाराच्या बाबतीत तर ही सूचना भुलीच्या शास्त्राचाच भाग मानली पाहिजे.