१.२.१.१ ते हॉटफिक्स: ब्रँचच्या नावांचा छोटा इतिहास

गेल्या आठवड्यात एका मित्राने ‘टेस्ट२’ नावाची ब्रँच पुसून टाकली. नावावरून त्याला वाटलं, कचराच असणार. नेमकं त्यातच सहकाऱ्याचं दोन दिवसांचं काम होतं. शेवटी ते परत मिळालं, पण अख्खी संध्याकाळ गेली. म्हणून आज ब्रँचच्या नावांबद्दल बोलू. कारण एके काळी ब्रँचला नावच नव्हतं, बरं का!

१९७२ मध्ये बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस हे टूल तयार केलं. त्यात सगळे आकडे. मुख्य ओळीवरच्या १.२ या आवृत्तीला फांदी फुटली, की तिच्यावरची पहिली आवृत्ती १.२.१.१. म्हणजे फांदी कुठून फुटली ते कळायचं. कशासाठी फुटली, ते नाही. पुढे १९८०च्या दशकात वॉल्टर टिची यांच्या आरसीएसमध्ये या आकड्यांना नाव जोडायची सोय आली.

खरी गंमत सीव्हीएसमध्ये झाली. तिथे प्रत्येक फाइलचा आकडा वेगळा चालायचा. एकच ब्रँच एका फाइलमध्ये १.४.२, तर दुसरीत १.९.२. मग या सगळ्या फाइली एकाच ब्रँचच्या आहेत, हे कशावरून कळणार? फक्त नावावरून! त्या नावात टिंब चालायचं नाही. म्हणून फ्रीबीएसडीवाल्यांनी ‘रेलेंग_४’ आणि ‘रेलेंग_४_८’ अशी नावं ठेवली. रेलेंग म्हणजे रिलीज इंजिनिअरिंग. पहिली ४ मालिकेची चालू ब्रँच, दुसरी ४.८ या रिलीजच्या सुरक्षा-दुरुस्त्यांची. नुसतं नाव वाचून कळायचं, की कुठे काय टाकायचं.

२००५ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी गिट आणलं आणि ब्रँच एकदम स्वस्त झाली. ब्रँच म्हणजे काय, तर एका कमिटचा ४० अक्षरी हॅश लिहिलेली छोटीशी फाइल. मग काय, दिवसाला चार ब्रँचा! नावांचा गोंधळ झाला आणि शिस्तही आली. गिटच्या स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये कामाच्या ब्रँचच्या नावात आधी लिहिणाऱ्याची आद्याक्षरं, मग तिरकी रेघ, मग विषय असतो. २०१० मध्ये व्हिन्सेंट ड्रीसेन यांच्या लेखामुळे ‘रिलीज’, ‘हॉटफिक्स’ असे उपसर्ग घराघरात पोहोचले.

एक जुनी खोड मात्र अजून आहे. ‘फीचर’ नावाची ब्रँच असेल, तर ‘फीचर/लॉगिन’ बनत नाही. एकाच नावाची फाइल आणि फोल्डर एकाच जागी कसे राहणार? तेव्हा उपसर्गाचा शब्द नुसता वापरू नका.

‘टेस्ट२’चं नाव ‘दुरुस्ती/बिल-गोलाई’ असतं, तर मित्राने पुसायच्या आधी एकदा तरी विचारलं असतं. मशीनला दोन्ही नावं सारखीच. फरक पडतो तो आपल्याला.

भेटू पुढच्या भागात!