गंगाराम सुर्व्यांनी दिलेले नाव

नेरळ हे आमच्या कर्जत तालुक्यातले गाव माथेरानच्या छोट्या गाडीमुळे सर्वांना ठाऊक आहे. कवी नारायण सुर्वे यांनी उतारवयात याच गावात घर केले होते, हे मात्र कर्जत-खालापूरच्या उर्दू शाळांतील मुलांना आम्हाला मुद्दाम सांगावे लागते.

१९२६ साली मुंबईत गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला रस्त्यावर टाकलेले एक तान्हे मूल सापडले. त्यांनी ते घरी आणले. पत्नी काशीबाईही गिरणीत राबत होत्या. मुलाची जात कोणती, धर्म कोणता, हे दोघांनी विचारले नाही. त्याला आपले नाव दिले आणि महापालिकेच्या शाळेत घातले. हजरत हलीमांच्या कुशीत वाढलेल्या यतीम पैगंबरांची हकीकत ऐकत मोठे झालेल्या आपल्या समाजाला या कृतीचे मोल वेगळे सांगायला नको.

पण हे छत्र दहा वर्षांतच सुटले. त्या काळी गिरणी कामगाराला निवृत्तिवेतन नव्हते. काम संपले तशी गंगारामांनी कोकणातली वाट धरली. चौथी शिकलेल्या मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवून ते गेले. त्यानंतर नारायण फुटपाथवर झोपला, घरगडी झाला, हॉटेलात कपबशा विसळल्या, गिरणीत राबला. कामगार चळवळीत त्याला माणसे भेटली आणि वाचनही. पुढे महापालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून लागलेला हा माणूस परीक्षा देऊन तिथेच शिक्षक झाला.

‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा पहिला संग्रह १९६२ साली आला. चार वर्षांनी आलेल्या दुसऱ्याचे नाव ‘माझे विद्यापीठ’. हे विद्यापीठ म्हणजे मुंबईचा रस्ता. तिथे त्यांनी ऐकलेली बोली कवितेत आली. ‘शीगवाला’ या कवितेतला दाऊदचाचा मुंबईच्या मोहल्ल्यातल्या मिश्र भाषेत बोलतो. मराठी कवितेत मुसलमान कष्टकरी असा स्वतःच्या तोंडाने बोलू लागला, ही आपल्यासाठी लहान गोष्ट नव्हे. १९९५ साली परभणीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली. १६ ऑगस्ट २०१० रोजी ते गेले. तरी लोकांच्या तोंडी ते ‘मास्तर’च राहिले. पत्नी कृष्णाबाईंच्या आत्मकथनाचे नावही ‘मास्तरांची सावली’ असेच आहे.

आम्ही शिक्षक दर जूनमध्ये दाखल्याचे रजिस्टर भरतो. बापाच्या नावाचा रकाना रिकामा राहिला की चौकशी सुरू होते, कुजबुज होते आणि मूल मान खाली घालते. गंगारामांनी तो रकाना स्वतःच्या नावाने भरला. त्यांनी तसे केले नसते तर मराठीला हा कवी मिळाला असता का? रकाना रिकामा असलेले मूल समोर उभे राहील, तेव्हा आधी त्याला बाकावर बसवावे; कागद नंतर पाहता येतात.